कोरिया, व्हाया न्यू मॉल्डन

कोरियन मुलांना इंग्रजी शिकवायला एका चर्चने माझी निवड केली आहे, हे मी घरी जाहीर केलं तेव्हा माझी मुलगी वरदा टोस्टला बटर लावत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "का? त्या मुलांनी काय केला?"

वरदाचा जन्म रीडिंगचा. तिच्या मराठीत लिंग ही ऐच्छिक बाब आहे. माझ्या इंग्रजीच्या बाबतीत मात्र ती कसलीही सवलत देत नाही. मी 'व्हेजिटेबल' म्हणालो की तिच्या चेहऱ्यावरून एक वेदना सरकत जाते, ती मी गेली अठरा वर्षं पाहतो आहे. माझी बायको अनुराधा हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, "शशी, तू नाही म्हणाला नाहीस का?"

म्हणालो होतो. तिथेच सगळा घोटाळा झाला. पण त्याआधी कापराबद्दल सांगायला हवं.

आमच्या मंडळाचा गणपती अकरा वर्षं रीडिंगमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बसतो. हॉलमध्ये ज्योत पेटवायची नाही असा नियम आहे. आम्ही खिडकी उघडून एक छोटं निरांजन लावत आलो, तेही परस्पर सामंजस्याने. म्हणजे आमच्यात सामंजस्य होतं आणि चर्चला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी अकरा वर्षांत प्रथमच आरतीचं तबक माझ्या हाती आलं. माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मी कापराच्या दोन वड्या ठेवल्या. मग वाटलं, पाकीट फोडलंच आहे, उघडा कापूर उडून जातो, उरलेलाही कशाला वाया घालवायचा. शेवटच्या कडव्यापर्यंत पोचायच्या आत छतावरची धूर ओळखणारी सगळी यंत्रं एकदम किंचाळायला लागली.

अग्निशामक दलाच्या दोन गाड्या आल्या. सहा जवान आले. त्यांतल्या एकाने प्रसाद घेतला, याची मी कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. शेजारच्या खोलीत एका बाळाच्या बाप्तिस्म्याचं चहापान चाललं होतं. ती मंडळी केकसकट कार पार्कमध्ये आली, आम्ही आरतीसकट आलो, आणि दोन्ही धर्म चाळीस मिनिटं भुरभुर पावसात एकमेकांकडे बघत उभे राहिले. आम्ही त्यांना मोदक देऊ केले. त्यांनी नको म्हटलं. आपल्याकडे पहिला नकार धरत नाहीत, म्हणून आम्ही आणखी दोनदा दिले. बहुधा तिथेच प्रकरण चिघळलं.

ते बाळ मिसेस डॉरीन प्रिचर्ड यांची पणती होती. मिसेस प्रिचर्ड हॉल समितीच्या अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर, आणि आयुष्यातली चाळीस वर्षं एका शाळेच्या कचेरीत गेलेली. आठवड्याने त्यांचं पत्र आलं. दोन पानं, पाच परिच्छेद.

त्या पत्राबद्दल मला वेगळं सांगायलाच हवं, कारण असं इंग्रजी मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं. त्यात एकही कठोर शब्द नव्हता. पण संपूर्ण वाचून झाल्यावर आपल्याला सभ्य समाजात राहण्याचा हक्क नाही, अशी वाचणाऱ्याची खात्री पटत होती. तिसरा परिच्छेद माझ्यावर होता. माझं नाव त्यांना ठाऊक नसल्याने उल्लेख 'मोहरीच्या रंगाचा सदरा घातलेले गृहस्थ' असा होता. मंडळाच्या बैठकीत ते पत्र मोठ्याने वाचण्याचं काम माझ्याकडेच आलं. बैठकीने ठरवलं की ज्याने कापूर लावला त्यानेच उत्तर लिहावं. मी दहा महिने उत्तराचे कच्चे खर्डे करत होतो. अशा पत्राला लायक उत्तर लिहायचं म्हणजे आधी ते पत्र अंगी मुरवायला हवं, म्हणून ते सतत माझ्या बॅगेत असायचं. हळूहळू मला ते पाठ झालं.

यंदाचा हॉल मिळणार की नाही, हे ऑगस्टच्या शेवटच्या बैठकीत ठरणार होतं. म्हणून जूनमध्ये आमचे अध्यक्ष हरीश यांनी मला चर्चकडे पाठवलं. "जरा तोंड दाखवून ये. माणूस वाईट नाही, एवढं त्यांच्या मनात बसलं पाहिजे."

चर्चच्या व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, फिलिपा नावाच्या एक उत्साही बाई आहेत. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं की चर्चचा एक छोटा गट दक्षिण कोरियात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवणार आहे, एक मिशन म्हणून, आणि एका शिक्षिकेने ऐनवेळी माघार घेतल्याने एक जागा रिकामी आहे. तुम्ही येऊ शकाल का?

मी म्हणालो, "फारच सुंदर कल्पना. मी नक्की विचार करतो."

पृथ्वीवरच्या कुठल्याही मराठी माणसाला हे वाक्य कळेल. 'नक्की विचार करतो' याहून स्वच्छ नकार आपल्याकडे नाही. याउपर फक्त भांडण. फिलिपाबाईंनी मात्र लगेच वही काढून माझं नाव लिहायला घेतलं. उकिडवे हे आडनाव त्यांनी चार प्रकारे लिहून पाहिलं आणि पाचव्या प्रकारावर समाधान मानलं.

"पण मी हिंदू आहे," मी शेवटची ढाल पुढे केली.

"अहो, आम्ही चर्च ऑफ इंग्लंड आहोत," त्या म्हणाल्या. "देवाबद्दल आमच्यात कोणी फारसा आग्रह धरत नाही."

हरीशला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "शशी, तू जाच! प्रिचर्डबाई समितीवर आहेत. तू त्यांच्या मिशनवर जाऊन आलास तर कुठल्या तोंडाने नाही म्हणतील? हॉल गेला तर गणपती माझ्या गॅरेजमध्ये बसेल, आणि तिथे ट्रेडमिल आहे."

"ट्रेडमिल हलवता येईल की."

"त्याच्यावर कपडे वाळतात," हरीशची बायको मंजिरी आतून म्हणाली. विषय संपला.

मुलांबरोबर काम करायचं तर इथे सरकारी चारित्र्य-पडताळणी लागते. तिच्या फॉर्मवर एक साधा प्रश्न होता: 'आपण आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता?' पासपोर्टवर मी शशिधर गजानन उकिडवे आहे. बँकेत एस. जी. उकिडवे आहे. ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज भरताना माझ्या हातून कुठली तरी चौकट चुकली होती, त्यामुळे तिथे मी गजानन शशिधर आहे. म्हणजे ज्यांनी जन्मात सायकललाही टांग मारली नाही त्या माझ्या कैलासवासी वडिलांना ब्रिटनमध्ये गाडी चालवायचा परवाना आहे. तिघांचंही चारित्र्य तपासणं ओघानेच आलं. त्याला सहा आठवडे लागले. मधल्या काळात तीन तासांचं प्रशिक्षण झालं. त्यात शिकवलं की मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही आणि पालकांना विचारल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही. लहान मुलांशी वागायचे मला येत असलेले दोन्ही मार्ग अशा रीतीने बंद झाले.

मंडळात बातमी पसरल्यावर सल्ले सुरू झाले. मंजिरी कोरियन मालिका बघते, त्यामुळे त्या देशातलं तिला सगळं ठाऊक. "वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची. मोठ्यांसमोर पिताना तोंड वळवायचं. आणि भर पावसात कोणी छत्री घेऊन जवळ आलं तर जपून, तिथे त्याला फार अर्थ असतो." मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझं पोट सुटलेलं आहे, याकडे मी तिचं लक्ष वेधलं. "सांगून ठेवलं," ती म्हणाली आणि तिने मेतकुटाची बरणी माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

मग सत्कार झाला. आपल्याकडे काही जण कार्य करतात आणि मग त्यांचा सत्कार होतो. पण कार्य झाल्यावर माणूस सापडेलच याची खात्री नसते, म्हणून आमचं मंडळ आधीच उरकून घेतं. शाल, श्रीफळ, हरीशचं भाषण. "साता समुद्रापार तर आपण सगळेच आलो आहोत. उकिडवे आठव्यापार निघाले आहेत!" टाळ्या झाल्या. कापराच्या प्रकारानंतर प्रथमच मंडळात कोणी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून हसलं. वरदाने मागच्या रांगेतून फोटो काढला.

चार दिवसांनी फिलिपाबाईंची ईमेल आली. विषय: 'एक रोमांचक बदल'. या देशात पंचवीसेक वर्षं काढलेल्या माणसाला कळतं की हे शब्द वाचल्यावर बसून घ्यावं. कोरियातल्या ज्या इमारतीत शिबिर होणार होतं तिचं छप्पर काढलं होतं. गटातले गिटार वाजवणारे माल्कम यांच्या खुब्याला प्रवासविमा मिळत नव्हता. पण सुदैवाने न्यू मॉल्डनमध्ये कोरियन लोकांचं एक चर्च आहे. तिथे नुकतीच कोरियातून आलेली अकरा मुलं आहेत, सप्टेंबरमध्ये ती इंग्रजी शाळेत जाणार आहेत, आणि त्यांना आपली तेवढीच गरज आहे. सोमवार ते शुक्रवार तिथल्या कुटुंबांकडे राहायचं.

न्यू मॉल्डन लंडनच्या कडेला आहे. रस्ता मोकळा असला तर आमच्या घरापासून एक तास. वाटेत एकही समुद्र लागत नाही.

टी-शर्ट मात्र छापून झाले होते. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'मिशन कोरिया'. ते घालून आम्ही तिघं, म्हणजे फिलिपाबाई, माल्कम आणि मी, मिनीबसने निघालो आणि वाटेत हायवेच्या सर्व्हिसेसवर थांबून कॉफी प्यायलो.

मी मंडळात हा बदल सांगितला नाही. खोटं बोललो असं नाही; कोणी विचारलं नाही. शाल परत द्यायची पद्धत आपल्याकडे असती तर मी दिलीही असती. सोमवारी दुपारी तीन वाजता मंजिरीचा मेसेज आला: "तिकडे रात्रीचे अकरा ना? दमला असशील. गुड नाइट!" खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. मी उलट 'गुड नाइट' लिहिलं. मंगळवारी तिने जेट लॅगवर ओवा सुचवला.

शिकवण्याबद्दल फिलिपाबाईंचं तत्त्व असं की मुलांना इंग्रजी शिकवायचं नाही, आनंद द्यायचा, इंग्रजी आपोआप येतं. पहिल्या दिवशी माल्कमने गिटारवर कोंबड्या-बदकांची गाणी म्हटली. मग एक भलंमोठं रंगीत पॅराशूट पसरून सगळ्यांनी ते वरखाली हलवलं. अकरा मुलं टोक केलेल्या पेन्सिली आणि कोऱ्या वह्या घेऊन आली होती. ती ताठ बसून वाट बघत होती. शेवटी एका नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला. तिचं नाव हारिन.

"टीचर," ती म्हणाली, "व्हेन स्टडी?"

"हाच तर स्टडी, डार्लिंग!" फिलिपाबाई म्हणाल्या. हारिनने ते वहीत लिहून घेतलं.

मंगळवारी सकाळी पॅराशूट उचलताना माल्कमच्या पाठीत उसण भरली आणि ते ज्या घरी उतरले होते तिथल्या सोफ्यावर आडवे झाले. त्याच सुमारास रीडिंगमध्ये एका वृद्ध गृहस्थांचं निधन झाल्याने फिलिपाबाईंना अंत्यविधीसाठी परत जावं लागलं. उरलो मी आणि मिसेस मून. मिसेस मून या तिथल्या चर्चच्या संयोजक, मी त्यांच्याच घरी उतरलो होतो. माझं पडताळणीचं सर्टिफिकेट आदल्या दिवशी घरी आलं होतं आणि वरदाने त्याचा फोटो पाठवला होता: "बाबा, तुझी सर्टिफिकेट आला. तू इनोसंट आहे." तेव्हा कायद्याचीही अडचण नव्हती.

फिलिपाबाई माझ्यासाठी चित्रांची कार्डं ठेवून गेल्या होत्या. हत्ती. इग्लू. झायलोफोन. मी ती कार्डं हातात घेऊन उभा राहिलो आणि मला एक जाणीव झाली, की सव्वीस वर्षांत या देशात मला झायलोफोनची एकदाही गरज पडलेली नाही. मला गरज कशाची पडली? नोकरीच्या पहिल्या सोमवारी एका सहकाऱ्याने जाता जाता विचारलं होतं, "यू ऑलराइट?" मी त्याला थांबवून माझ्या ॲसिडिटीबद्दल सविस्तर सांगितलं. तो पुढे कधी माझ्या टेबलावरून गेला नाही. हे कुठल्याही कार्डावर नव्हतं.

मी कार्डं बाजूला ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: 'यू ऑलराइट?' खाली लिहिलं: 'हा प्रश्न नाही.' अकरा पेन्सिली एकदम चालू झाल्या.

त्या दिवशी मी 'सॉरी' सहा प्रकारे शिकवलं. कोणी आपल्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' आपणच म्हणायचं, हे ऐकून मिसेस मून यांनीही वही काढली. मग पाठांतराला काहीतरी हवं होतं. मी तासगावच्या मराठी शाळेत गद्रे सरांच्या हाताखाली शिकलो. सरांचं म्हणणं असं की भाषा समजून येत नाही. एक उत्तम उतारा घ्यावा, तो तोंडपाठ करावा, समज मागाहून येते आणि नाही आली तरी बिघडत नाही. प्रश्न एवढाच, की उत्तम इंग्रजी उतारा आणायचा कुठून? माझ्याजवळ मेतकूट होतं, शाल होती, आणि बॅगेत मिसेस प्रिचर्ड यांचं पत्र होतं.

आता मागे वळून पाहताना मला सगळं स्वच्छ दिसतं. त्या वेळी मात्र इतकाच विचार केला, की पत्रात माझं नाव नाही, त्यांची सही मी झाकीन, आणि बाई रीडिंगला आहेत.

मुलांनी त्या पत्रावर जीव टाकला. गाणी आणि पॅराशूट यांनी गोंधळलेली ती पोरं शुद्धलेखन म्हटल्यावर फुलली. दहापैकी गुण देतो म्हटल्यावर तर त्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्यासारखा भाव आला. बुधवारी त्यांनी मला गृहपाठ मागितला. गुरुवारी पालक भेटायला आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी एक सफरचंदांची पेटी दिली.

बुधवारी सुटल्यावर हारिन मागे थांबली. मिसेस मून दाराशी खुर्च्या रचत होत्या.

"टीचर. धिस लेडी, व्हेरी अँग्री?"

"व्हेरी."

"बट नोबडी लाफ."

"नाही, कोणी हसलं नाही," मी म्हणालो. बैठकीत तर कोणी श्वासही घेतला नव्हता.

तिने पेन्सिलीचं टोक तपासलं. मग म्हणाली, तिच्या घराजवळच्या बागेत मुलं आहेत, ती बोलली की हसतात. सप्टेंबरमध्ये तीच मुलं शाळेत असतील. हसली की काय म्हणायचं?

मी तिला खरं ते सांगितलं, की मी सव्वीस वर्षं त्यावर विचार करतो आहे. तिने 'सव्वीस वर्षं' लिहून घेतलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि म्हणाली, तिसरा परिच्छेद ती एकटी म्हणेल.

शुक्रवारी समारोपाचा कार्यक्रम होता. मी सकाळी खुर्च्या मांडत असताना बाहेर एक कोच येऊन थांबला. दार उघडलं आणि त्यातून रेशमी कुर्त्यात हरीश उतरला. मागून मंजिरी, आणि त्यामागून आमचं जवळजवळ सगळं मंडळ. अनुराधा आणि वरदाही. वरदा माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

"गुड मॉर्निंग!" मंजिरी म्हणाली. "की तुझ्याकडे संध्याकाळ झाली?"

"तुम्हाला... कळलं कधी?"

"सोमवारीच. चर्चच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर होतं. फोटोसकट," हरीश म्हणाला.

"मग रोज दुपारी तीनला गुड नाइट?"

"आम्ही म्हटलं, माणूस एवढ्या लांब गेलाय," मंजिरी म्हणाली, "त्याची झोप नको मोडायला."

एखादी शाल किती जड असू शकते, यावर मी काही बोलणार होतो. तेवढ्यात कोचमागे फिलिपाबाईंची गाडी येऊन उभी राहिली, आणि पुढच्या सीटवरून निळा कोट घातलेल्या, हातात पर्स घट्ट धरलेल्या मिसेस डॉरीन प्रिचर्ड उतरल्या.

"हॉल समितीलाही बोलावलं!" फिलिपाबाई आनंदाने म्हणाल्या. "डॉरीनना तुमचं काम बघायचंय. म्हणजे सप्टेंबरचा निर्णय घ्यायला सोपं जाईल."

मी धावत मिसेस मूनकडे गेलो. म्हटलं, आज फक्त गाणी म्हणू या. त्यांनी मला छापील कार्यक्रमपत्रिका दाखवली, दोन भाषांत. क्रमांक तीन: 'पत्रवाचन. लेखिका अज्ञात.' पालक ऑफिसातून रजा काढून आले होते. मी हारिनकडे गेलो. ती भिंतीशी उभी राहून ओठ हलवत होती. "हारिन, आज नुसतं कोंबडीचं गाणं म्हटलं तर?" तिने वही माझ्या हातात दिली. "टीचर, आय नो ऑल. टेस्ट मी."

गद्रे सरांनी मला अशा वेळी काय करावं हे शिकवलं नव्हतं. मी जाऊन शेवटच्या रांगेत बसलो.

पहिला परिच्छेद अकरा मुलांनी एका सुरात म्हटला. मूळ इंग्रजीची धार मराठीत येत नाही, तरी आशय असा: 'आपल्या संस्थेशी आमचे संबंध नेहमीच सौहार्दाचे राहिलेले आहेत, आणि म्हणूनच हे पत्र लिहिताना मला कमालीचा संकोच वाटतो आहे.' पुढच्या रांगेत निळा कोट किंचित ताठ झाला.

"हे कुठेतरी ऐकलंय मी," मंजिरी कुजबुजली.

हरीशला आठवलं होतं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो हळूच म्हणाला, "ट्रेडमिल."

दुसरा परिच्छेद झाला. मग हारिन एक पाऊल पुढे आली आणि तिने सुरुवात केली. 'मोहरीच्या रंगाचा सदरा घातलेल्या गृहस्थांचा उत्साह मी समजू शकते. ज्या प्रमाणात त्यांनी तो व्यक्त केला, ते प्रमाण मात्र मला समजू शकलेलं नाही...' तिचे उच्चार कुठल्याच देशातले नव्हते. 'प्रमाण' या शब्दावर ती अडखळली, आणि पाठीला उशी लावून बसलेले माल्कम हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघं-चौघं हसले.

हारिन थांबली. तिची मान खाली गेली, आणि माझ्या मनात हॉल, गणपती, समिती यांतलं काहीही उरलं नाही.

मग तिने मान वर केली. माल्कमकडे पाहिलं. आणि चौथ्या परिच्छेदातलं एक वाक्य, जे अजून यायचं होतं, ते तिने तिथून उचलून आत्ता, स्वतःच्या आवाजात म्हटलं: "मला माझं म्हणणं पूर्ण करू दिलंत, तर मी आपली आभारी राहीन."

खोलीत टाचणी पडली असती तर तिनेही 'सॉरी' म्हटलं असतं. माल्कमने गिटार खाली ठेवली. हारिनने तिसरा परिच्छेद शेवटपर्यंत नेला, मागून दहा मुलांनी चौथा आणि पाचवा म्हटला, आणि 'आपली विश्वासू' म्हणून सगळी वाकली.

कोरियन पालकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळाने सवयीने वाजवल्या आणि मग लक्षात येऊन थांबवल्या. मिसेस प्रिचर्ड उठल्या. पर्स सांभाळत पुढे आल्या.

"हा उतारा कोणी निवडला?"

मी उभा राहिलो. "मी."

"ते मोहरीच्या सदऱ्यातले गृहस्थ तुम्हीच?"

"हो."

"दुसऱ्या परिच्छेदात 'रिग्रेटेबली' हा शब्द दोनदा आहे. मला एकदाच ऐकू आला."

"दुसरा मी गाळला," मी म्हणालो. मला आता गमावण्यासारखं काही नव्हतं. "एकाच परिच्छेदात दोनदा आला की जोर कमी होतो, असं मला वाटलं."

वरदाने डोळे मिटून घेतलेले मला दिसले. मिसेस प्रिचर्ड यांचे ओठ हलत होते. त्या वाक्य दोन्ही प्रकारे म्हणून बघत होत्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मग त्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहिल्या. "मला ते पत्र लिहायला तीन दिवस लागले. मी पन्नास वर्षं पत्रं लिहिते आहे. कौन्सिलला, रेल्वेला, गॅसवाल्यांना. 'आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं छापील उत्तर येतं. मला वाटायचं, कोणी वाचतच नाही." त्यांनी मुलांकडे पाहिलं. "तिसरा परिच्छेद कोणी म्हटला?"

हारिनने भीत भीत हात वर केला.

"पुन्हा म्हणशील? जरा सावकाश. तो त्यातला सर्वांत चांगला आहे."

आणि मग माझी बायको, मुलगी, पूर्ण मंडळ आणि न्यू मॉल्डनमधले सर्व कोरियन पालक यांच्या समक्ष माझ्या वर्तनाचं संपूर्ण वर्णन दुसऱ्यांदा, सावकाश, झालं. माल्कमसुद्धा हसले नाहीत.

गेल्या आठवड्यात समितीची बैठक झाली आणि मिसेस प्रिचर्ड यांचं पत्र आलं. माझ्या घरच्या पत्त्यावर, आडनाव अचूक लिहिलेलं. चार पानं, एकोणीस अटी. सोबत एक चिठ्ठी: 'हा कच्चा खर्डा आहे. अंतिम प्रत मंडळाला पाठवण्याआधी कुठे एखादा शब्द दोनदा आला असल्यास कृपया दाखवून द्यावा.'

हरीश दर तासाला फोन करत होता. "शशी, हो आहे की नाही, एवढंच सांग!" मी त्याला सांगितलं, घाई करू नकोस, वाचतो आहे. तीन वेळा वाचून झालं. एका स्वल्पविरामाबद्दल मी आदरपूर्वक शंका नोंदवली. पुनरुक्ती सबंध पत्रात एकच सापडली: परवानगी त्यांनी पहिल्या पानावर दिली होती, आणि चौथ्या पानावर पुन्हा दिली होती.

ती मी दोन्हीकडे तशीच राहू दिली.